पाटीवरची अक्षरे

उपनगरांतल्या जुन्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत हिंडायचा नाद मला गेली पंधरा वर्षे आहे. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे टागोरनगर आणि कन्नमवारनगर, अंधेरीचे डी. एन. नगर, बोरिवलीचे मागाठाणे, मुलुंड स्टेशनच्या दोन्ही बाजू. डॉक्टरांच्या नावापुढे जी अक्षरे असतात ती मी वहीत टिपतो. नाव टिपत नाही. फक्त अक्षरे आणि ठिकाण. एल.सी.पी.एस., जी.एफ.ए.एम., डी.एस.ए.सी., बी.ए.एम. अँड एस., पुढे बी.ए.एम.एस. आणि बी.एच.एम.एस. काही पाट्यांवर नुसतेच आर.एम.पी. यांतली निम्मी अक्षरे आता कोणतेही विद्यापीठ देत नाही. त्यांचा अर्थ विचारला तर त्याच दवाखान्यात आज बसणाऱ्या मुलाला किंवा सुनेलाही तो अनेकदा सांगता येत नाही.

मी डॉक्टर नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. पण या अक्षरांचा माग काढता काढता एक प्रश्न हाती लागला. तो दरवर्षी जून-जुलैत उपनगरातल्या हजारो घरांत जेवणाच्या वेळी बोलला जातो. नीटचे गुण कळलेले असतात. सरकारी एमबीबीएस थोडक्यात हुकलेले असते आणि खासगीची फी झेपणारी नसते. मग बीएएमएस घ्यायचे, बीएचएमएस घ्यायचे, की आणखी एक वर्ष क्लास लावायचा? न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही याच जातीचा प्रश्न असतो. तिथे निवड एम.डी. देणारे कॉलेज आणि डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी देणारे कॉलेज यांच्यात असते. फरक इतकाच, की तिथे कोणतेही कॉलेज निवडले तरी बाहेर पडणारा माणूस कायद्याने पूर्ण डॉक्टर असतो. आपल्याकडे सतराव्या-अठराव्या वर्षी केलेली ही निवड साठीपर्यंत पाठ सोडत नाही. असे का झाले, हे समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे.

सुरुवातीला ही भिंत नव्हतीच. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये उघडले. तिथून बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीतले भाऊ दाजी लाड कुष्ठरोगावर देशी वनस्पतींचे प्रयोग करत राहिले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. त्याच कॉलेजशी संबंधित डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबई इलाख्यातल्या औषधी वनस्पतींवर लिहिले. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे हेही त्याच परंपरेतले. त्यांनी संपादित केलेली 'अष्टांगहृदया'ची प्रत १८८० मध्ये निघाली, आणि संस्कृत वैद्यांनीही ती प्रमाण मानली. पुण्याच्या डॉ. गणेश कृष्ण गर्द्यांनी तोच ग्रंथ 'सार्थ वाग्भट' म्हणून मराठीत आणला. ही सगळी माणसे इंग्रजी वैद्यक शिकलेली होती. वाग्भट वाचणारा डॉक्टर हा त्या काळी विक्षिप्त समजला जात नसे. उलट त्याचा मान वाढत असे.

दुसऱ्या बाजूनेही येणे-जाणे होते. मुंबईत प्रभुराम वैद्यांच्या नावाचे आयुर्वेद विद्यालय १८९६ पासून चालत होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्'मधून आयुर्वेद सामान्य वाचकापर्यंत नेला आणि १९०७ मध्ये नाशकात अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाचा पाया घातला. थोड्याच वर्षांनी साताऱ्याला जे विद्यालय निघाले त्याचे नावच 'आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय' आहे. आर्य आणि आंग्ल, एकाच शब्दात. इतके नेमके नाव पुढच्या शंभर वर्षांत कोणत्याही समितीला सुचले नाही, असे मला वाटते.

भिंतीचा पहिला थर १९१२ मध्ये रचला गेला. त्या वर्षीच्या मुंबई वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदवही सुरू केली. आजवर लोक वैद्याला त्याच्या हातगुणावरून ओळखत. आता सरकार डॉक्टरला एका वहीतल्या क्रमांकावरून ओळखू लागले. वहीत नाव असेल तर मृत्यूचा दाखला देता येतो, कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभे राहता येते, सरकारी नोकरी मिळते. नसेल तर रोगी बघायला बंदी नाही, पण सरकारच्या लेखी तुम्ही नाहीच. पाठोपाठ १९१६ च्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकातल्या पदव्यांसारख्या दिसणाऱ्या पदव्या मनास येईल त्याने देण्यावर बंदी आली. आयुर्वेदाच्या शाळांना आपली अक्षरे वेगळी ठेवावी लागली ती तेव्हापासून. पाट्यांवरचा तो अक्षरांचा गोंधळ हौसेतून आलेला नाही.

इथे एक गोष्ट विसरली जाते. ॲलोपथीचे घरही एकसंध नव्हते. १९१२ मध्येच मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले, आणि विद्यापीठाची पदवी न मिळवता त्याची परीक्षा देऊन एल.सी.पी.एस. होता येऊ लागले. असहकाराच्या चळवळीत, १९२१ मध्ये, सरकारी कॉलेजवर बहिष्कार टाकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. तिथली मुलेही याच परीक्षेला बसत. आजचे नायर रुग्णालयाचे टोपीवाला कॉलेज ते हेच. पण १९३३ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा आला आणि देशपातळीवर फक्त पदवीधर मोजले गेले, एल.सी.पी.एस. मंडळी बाहेर राहिली. आजचे बीएएमएस डॉक्टर ज्या शब्दांत तक्रार करतात, जवळपास त्याच शब्दांत तेव्हा हे परवानाधारक तक्रार करत होते. पुढे १९४६ च्या भोर समितीने डॉक्टरांचा हा खालचा वर्गच बंद करावा, एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर असावा, असे सुचवले. वैद्य-हकिमांचे काय, या प्रश्नाला मात्र त्या समितीने बगल दिली आणि तो प्रांतांवर सोडून दिला.

मुंबई प्रांताने त्याआधीच काहीतरी केले होते. खेर मंत्रिमंडळात आरोग्य खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते स्वतः हृदयरोगाचे नामवंत डॉक्टर. त्यांच्या काळात १९३८ चा मुंबई वैद्यक व्यावसायिक कायदा झाला आणि वैद्य-हकिमांची स्वतंत्र नोंदवही सुरू झाली. वैद्यांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता, आणि तो तसा साजराही झाला. पण नीट पाहिले तर या कायद्याने एका वहीच्या दोन वह्या केल्या. १९४१ मध्ये वरळीला पोदार कॉलेज उघडले. त्याचे नाव आजही पाटीवर असे आहे : मेडिकल कॉलेज, आणि कंसात आयुर्वेद. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ त्या कंसात आहे.

स्वातंत्र्यानंतर भांडण कॉलेजांच्या आत शिरले. शुद्ध आयुर्वेद शिकवावा की मिश्र? १९४८ च्या चोप्रा समितीला दोन्हींचा संगम हवा होता. १९५८ च्या उडुपा समितीचा कलही मिश्र शिक्षणाकडेच होता. तिचे अध्यक्ष डॉ. उडुपा हे बनारसच्या आयुर्वेद कॉलेजातून शिकून पुढे अमेरिकेत शल्यविद्या शिकलेले. उलट मोहनलाल व्यासांच्या समितीने १९६३ मध्ये शुद्ध अभ्यासक्रमाचा आग्रह धरला. त्यामागे पंडित शिव शर्मांचे वजन होते, आणि मुंबई राज्यात शुद्ध पक्षाची बाजू त्याआधीपासूनच भक्कम होती. डी.एस.ए.सी. या अक्षरांतला 'एस' शुद्धचा आहे. मिश्र शिकलेला जी.एफ.ए.एम. आणि शुद्ध शिकलेला डी.एस.ए.सी. एकाच गल्लीत समोरासमोर बसत. माझ्या वहीत घाटकोपरची अशी एक जोडी आहे. दोघेही ताप आलेल्या पोराला तेच लाल मिक्श्चर देत, असे तिथल्या जुन्या रहिवाशांनी मला हसत सांगितले.

विद्यार्थ्यांना या तत्त्वचर्चेत रस नव्हता. देशभरच्या मिश्र कॉलेजांतली मुले संप करत होती, आणि त्यांची मागणी एकच होती : आम्हाला एमबीबीएस करा. दोन ठिकाणी ती मान्य झाली. मद्रासचे देशी वैद्यकाचे कॉलेज १९६० मध्ये किलपॉक मेडिकल कॉलेज झाले, आणि त्याच वर्षी बनारस हिंदू विद्यापीठातले आयुर्वेद कॉलेजही मेडिकल कॉलेजात बदलले. अक्षरांचा प्रश्न सुटला. फक्त आयुर्वेद गेला.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला अगदी असेच घडत होते. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरची तीन मुले १८६४ मध्ये मेंदूज्वराने गेली. तेव्हाच्या औषधोपचारांवरचा त्याचा विश्वास उडाला. हाडे, सांधे आणि स्नायू हाताने जागेवर आणले तर शरीर स्वतःला बरे करते, असे म्हणणारी ऑस्टिओपॅथी त्याने मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात तिचे कॉलेज काढले. अनेक वर्षे एम.डी. मंडळींनी या डी.ओ. लोकांना भोंदू ठरवले. तेही हळूहळू औषधे देऊ लागले, शस्त्रक्रिया करू लागले, आणि त्यांच्या कॉलेजांचा अभ्यासक्रम एम.डी.सारखाच होत गेला. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात तह झाला. लॉस एंजलिसचे ऑस्टिओपॅथी कॉलेज साध्या मेडिकल कॉलेजात बदलले आणि सुमारे दोन हजार डी.ओ. डॉक्टरांनी ६५ डॉलर भरून एम.डी. ही अक्षरे घेतली. पुढच्या वर्षी त्या राज्याने नवे डी.ओ. परवाने देणेच थांबवले. किलपॉक आणि कॅलिफोर्निया यांच्यात दोन वर्षांचेही अंतर नाही, पण एकाला दुसऱ्याची खबर असण्याचे कारण नव्हते.

गंमत अशी की अमेरिकेत हा विलीनीकरणाचा रस्ता पुढे चालला नाही. बाकीच्या राज्यांतल्या डी.ओ. लोकांनी आपली अक्षरे सोडायला नकार दिला. १९६६ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांना डॉक्टर म्हणून घ्यायला सुरुवात केली, १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाची बंदीही कोर्टात टिकली नाही, आणि २०२० पासून एम.डी. व डी.ओ. या दोघांच्या निवासी प्रशिक्षणाची मान्यता एकाच यंत्रणेखाली आली. म्हणजे कॉलेजे वेगळी राहिली, अक्षरे वेगळी राहिली, पण कॉलेजनंतर रुग्णालयात काढायची तीन-चार-पाच वर्षे एकच झाली. ती वर्षे कुठे काढली, कोणाच्या हाताखाली, काय शिकलात, याची नोंद होते आणि तिची परीक्षा होते. युरोपात हे घडले नाही, म्हणून तिथला ऑस्टिओपॅथ आजही बहुतेक ठिकाणी डॉक्टर समजला जात नाही. तो हाताने उपचार करणारा एक थेरपिस्ट आहे. नाव तेच, मूळ पुरुष तोच. सगळा फरक रुग्णालयातल्या त्या वर्षांचा.

महाराष्ट्रात यांतले काहीच झाले नाही. आपण कॉलेजे बदलली नाहीत आणि मिसळलीही नाहीत. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यावसायिक कायद्याने वैद्यांची वही नव्या राज्यासाठी पुन्हा बांधली. १९७० च्या केंद्रीय कायद्यानंतर जी.एफ.ए.एम., डी.एस.ए.सी. वगैरे सगळी अक्षरे पुसून देशभर एकच बी.ए.एम.एस. आली, साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे वर्षांच्या हिशेबात एमबीबीएसइतकीच. होमिओपथीचा केंद्रीय कायदा १९७३ चा. १९८३ नंतर वसंतदादांच्या विनाअनुदानित धोरणातून खासगी कॉलेजांचे पेव फुटले, त्यात आयुर्वेद आणि होमिओपथीचीही पुष्कळ होती. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले तेव्हा तिन्ही पॅथींची प्रमाणपत्रे एकाच कुलगुरूंच्या सहीने निघू लागली. वह्या मात्र तीनच.

आता उपनगरांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे घडली.

जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतचा भाग १९५० मध्ये मुंबई महापालिकेत आला, दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा १९५७ मध्ये. त्यानंतर हाउसिंग बोर्डाच्या वसाहती, गिरण्या-कारखान्यांच्या चाळी आणि डोंगर-खाजणांवरच्या झोपड्या झपाट्याने भरल्या. पण महापालिकेची मेडिकल कॉलेजे सगळी शहरात. केईएमचे १९२६ चे, नायरचे त्याच्याही आधीचे, आणि १९६४ चे सायनचे, तेही शहराच्या वेशीवर. उपनगरात महापालिकेचे पहिले मेडिकल कॉलेज कूपर रुग्णालयात सुरू झाले ते २०१५ मध्ये. मधल्या अर्धशतकात राजावाडी होते, भगवती होते, मुलुंडचे अगरवाल होते, कूपर होते; रुग्णालये होती, पण डॉक्टर घडवणारी जागा नव्हती. एमबीबीएस होऊन बाहेर पडलेला मुलगा पुढे एम.डी. करायचा, नाहीतर परदेशी जायचा. कन्नमवारनगरात दोन रुपये फी घेऊन बसायला तो क्वचितच आला. जे आले ते आयुर्वेदवाले आणि पुढे होमिओपथीवाले.

आणि ते ॲलोपथीची औषधे देत. यात लपवण्यासारखे काही राहिलेले नाही. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला तापावर काढा आणि पथ्य नको होते, त्याला संध्याकाळपर्यंत उतरेल असे काहीतरी हवे होते. वैद्याने सुई दिली नाही तर रोगी पुढच्या गल्लीत जाई. कारखान्यातली रजा आजारपणाच्या दिवसांवर मोजली जात असे. चूर्णाला आठ दिवस लागतात ही सबब फोरमन ऐकून घेत नसे.

प्रश्न असा, की ही औषधे वापरायला ते शिकले कुठे? कॉलेजात थोडे. बीएएमएसच्या अभ्यासात शरीररचना, शल्य, प्रसूती हे विषय आहेत आणि इंटर्नशिपचा काही काळ आधुनिक रुग्णालयातही जातो. पण खरे शिक्षण झाले ते रात्रपाळीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला गल्लोगल्ली दहा-वीस खाटांची नर्सिंग होम उघडली. मालक एम.डी., एम.एस. किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ. रात्री नऊला मोठे डॉक्टर घरी जात आणि पहाटेपर्यंत सगळे मजले एका आर.एम.ओ.वर असत. तो आर.एम.ओ. बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस. सलाइन लावणे, ईसीजी काढून त्यावरून मोठ्या डॉक्टरांना कधी उठवायचे ते ठरवणे, लहान मुलाच्या वजनावरून मात्रा काढणे, अडलेली बाई ओळखणे, या सगळ्याची शाळा ती. दिवसा कुठेतरी भाड्याच्या खोलीत स्वतःचा दवाखाना, रात्री ड्युटी. चार-पाच वर्षे अशी काढायची आणि मग पूर्णवेळ पाटी लावायची. मी ज्या निवृत्त डॉक्टरांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी आपले गुरू म्हणून कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या आधी नर्सिंग होमच्या मालकांचे नाव घेतले.

हे आपले निवासी प्रशिक्षणच होते. अमेरिकेत डी.ओ.ला एम.डी.च्या बरोबरीला जे आणून बसवते, तेच. पण इथे त्याची नोंद कुठेच झाली नाही. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, कोण कच्चा राहिला हे सांगणारे कोणी नाही. हातात उरला फार तर लेटरहेडवरचा अनुभवाचा दाखला. मालकाच्या सोयीचेही तेच होते. एमबीबीएस आर.एम.ओ.चा पगार परवडत नव्हता, आणि बीएएमएसला प्रशिक्षणार्थी म्हटले असते तर शिकवायची जबाबदारी आली असती. 'क्रॉसपॅथी'विरुद्ध सभांमध्ये सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्या वर्गाचीच रुग्णालये रात्री या क्रॉसपॅथीवर चालत आली, हे म्हणायला कटू असले तरी खरे आहे.

नोंद नसण्याची किंमत कोणाला पडते, हे १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात दिसले. १९९२ च्या जुलैमध्ये मुंबईतल्या एका तरुण माणसाला ताप आला. होमिओपथीची पदविका असलेल्या डॉक्टरने त्याला आधी व्हायरल ताप आणि मग टायफॉइड समजून ॲलोपथीची औषधे दिली. रोगी दगावला. बचावात डॉक्टरने आपण एका ॲलोपथी नर्सिंग होममध्ये काम केल्याचा अनुभव पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही, त्या पद्धतीने उपचार करणारा भोंदूच, असा त्या निकालाचा आशय आहे. विधवेला तीन लाख रुपये भरपाई मिळाली. त्या रोग्यापुरता निकाल योग्यच होता. पण तो वाचताना मनात येते, की त्या नर्सिंग होममध्ये हा माणूस काय शिकला आणि काय शिकला नाही, हे तपासण्याची व्यवस्था तेव्हा असती, तर गोष्ट कोर्टापर्यंत जाण्याआधी, रोगी दगावण्याआधीच काही ठरले असते.

राज्य सरकारने दुसरा मार्ग काढला होता. औषध नियमावलीत एक पोटनियम आहे, त्यानुसार राज्य सरकार काही व्यक्तींना आधुनिक औषधे देण्यापुरते नोंदणीकृत डॉक्टर मानू शकते. २५ नोव्हेंबर १९९२ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने १९६१ च्या कायद्याखालच्या वैद्यांना, त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत, ही मुभा दिली. १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा पोटनियम वैध ठरवला, पण अट घातली : राज्याच्या कायद्याने ज्याला आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करण्याचा अधिकार दिला असेल, त्यालाच ही औषधे देता येतील. यातून एक विचित्र चित्र तयार झाले. एकाच नर्सिंग होममध्ये, एकाच रात्रपाळीत, एकाच रोग्याला तीच अँटिबायोटिक लिहिणारे दोन आर.एम.ओ. त्यांतल्या बीएएमएसकडे अधिसूचना होती. बीएचएमएसकडे काहीच नव्हते, कारण होमिओपॅथांचा कायदाच वेगळा. रात्रपाळी दोघांची सारखीच होती; त्यांच्यातला फरक सचिवालयातल्या एका फाइलीचा होता.

होमिओपथीची मुंबईतली मुळे पाहिली तर हे अधिकच खटकते. विलेपार्ल्याला इर्ल्याचे सीएमपी होमिओपथी कॉलेज आणि मुंबादेवी रुग्णालय उपनगरवासीयांच्या परिचयाचे आहे. आणि या शहरातल्या होमिओपथीला शिस्त लावणारे डॉ. एम. एल. धवले स्वतः मुंबई विद्यापीठाचे एम.डी. होते. आधुनिक वैद्यक पूर्ण शिकून त्यांनी होमिओपथी पत्करली. रोग्याची टिपणे कशी ठेवावीत यावर त्यांचा कटाक्ष असे. भाऊ दाजी आणि कुंटे यांच्या वाटेनेच ते गेले, आधी एक घर पुरते पाहून मग दुसऱ्यात. आजच्या मुलाला ती वाट उपलब्ध नाही. त्याला बारावीलाच एक दार निवडावे लागते.

२०१४ मध्ये राज्याने होमिओपॅथांसाठी कायदा बदलला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, सीसीएमपी, नाशिकच्या विद्यापीठाचा, शिकवायचा मेडिकल कॉलेजांतच. तो पूर्ण केला की मर्यादित आधुनिक औषधे देण्याची मुभा. इंडियन मेडिकल असोसिएशन उच्च न्यायालयात गेली. अभ्यासक्रम सुरू झाला, हजारो होमिओपॅथांनी तो केला, पण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वहीत त्यांचे नाव लागायचे की नाही हे लोंबकळत राहिले. २०२५ च्या जुलैमध्ये नोंदणी सुरू होणार असे जाहीर झाले, विरोध होताच थांबवले गेले, समिती नेमली गेली, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा नोंदणीचा आदेश निघाला. १८ सप्टेंबरला राज्यभरच्या ॲलोपथी डॉक्टरांनी चोवीस तासांचा संप केला. निवासी डॉक्टरही त्यात उतरले. १९१२ मध्ये जी वही उघडली तिच्याच पानावर कोणाचे नाव यावे, यासाठीचे हे भांडण होते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते दोन्ही बाजूंना आवडणारे नाही. एक वर्षाचा औषधशास्त्राचा वर्ग हा रुग्णालयातल्या वर्षांना पर्याय नाही. पुस्तकातली मात्रा पाठ असणे वेगळे आणि पहाटे तीनला ती कोणाला द्यायची नाही हे कळणे वेगळे. संप करणाऱ्यांचा हा मुद्दा मला पटतो. पण ज्यांनी पाच-पाच वर्षे रात्रपाळी काढली, त्यांना तपासून घेण्याची, नापास करण्याची, पास केले तर तसे लिहून देण्याची जबाबदारी ज्या वर्गाने कधी घेतली नाही, त्याने आता फक्त वहीचे पान झाकून धरावे हे पटत नाही. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत रस्त्यावरचा जखमी उचलायला बीएएमएस डॉक्टर चालतो. ग्रामीण आरोग्य उपकेंद्रात सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन तोच चालतो. तेव्हा कोणी संप केल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडे माझ्याकडे ओळखीतली मुले पालकांसोबत येतात. या विषयावर मी काहीबाही लिहितो, म्हणून सल्ला विचारतात. मी सल्ला देत नाही, तीन गोष्टी विचारायला सांगतो. कॉलेजच्या रुग्णालयात खाटा कागदावर किती आणि प्रत्यक्षात भरलेल्या किती? इंटर्नशिपमध्ये आधुनिक रुग्णालयात किती महिने आणि तिथे हात लावू देतात का? आणि शिकून झाल्यावर आयुर्वेद किंवा होमिओपथीच करायची आहे, की तिच्या दारातून दुसरीकडे जायचे आहे? तिसऱ्या प्रश्नावर आई-वडील मुलाकडे पाहतात आणि मूल टेबलाकडे. आयुर्वेदच करायचा असेल तर पोदारची जागा ही मोठी संधी आहे. पुण्याच्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयातून शिकलेल्या डॉ. वसंत लाड यांनी त्याच विद्येवर अमेरिकेत, न्यू मेक्सिकोत १९८४ मध्ये संस्था उभी केली, आणि ती आयुर्वेदाचीच. ज्याला दुसरे काही करायचे आहे, त्याने मात्र ही वही आणि तिची पाने आधी वाचावीत.

प्रवेशाची रीत आता सगळ्यांना एकच आहे. नीट एकच, सीईटी कक्ष एकच, पुढचे विद्यापीठही एकच. एमबीबीएस आणि बीडीएस अ गटात, बीएएमएस आणि बीएचएमएस ब गटात. दोन्हींचे पसंतीक्रम वेगवेगळे भरायचे असतात. ब गटाच्या यादीवर मुले नजर टाकतात ती बहुधा अ गटाची फेरी लागून गेल्यावर, आणि पसंतीक्रम कायम करायला हातात थोडेच दिवस असतात.